हजेरीपटावरचे नाव

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे चांदूर रेल्वे. बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यान, मुंबई–नागपूर लोहमार्गावर ते वसले आहे. हा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. रुळांच्या कडेने तारेचे खांबही आले. गाडीने रुईच्या गाठी जात आणि तारेने भाव येत. आमच्या पणजोबांनी मुंबई आयुष्यात तीनदाच पाहिली, असे आजोबा सांगत. पण चांदुरातल्या गादीवर बसून त्यांनी मुंबईच्या बाजारात सौदे केले ते जन्मभर. तारेवरून आलेला शब्द हा त्या माणसाचाच शब्द, ही त्या काळच्या पेढ्यांची रीत होती. समोरचा माणूस शेकडो मैल दूर आहे, म्हणून सौदा कच्चा ठरत नसे.

तारेनंतर ट्रंक कॉल आला, मग घरोघरी दूरध्वनी, मग खिशातला मोबाइल. २०१३ च्या जुलै महिन्यात तारसेवा बंद झाली तेव्हा आमच्या अडतीत कोणाच्या ते लक्षातही आले नाही, कारण तोवर सारा व्यवहार फोनवर गेला होता. आज सोयाबीनचा नमुना मुठीत धरून त्याचे छायाचित्र पाठविले जाते, ओलावा किती ते बोलून ठरते, रक्कम फोनवरूनच खात्यात पडते. न दिसणारा माणूसही व्यवहारात पूर्णपणे हजर असू शकतो, हे व्यापारी समाजाला दीड शतकाच्या अनुभवाने ठाऊक आहे.

मात्र याच समाजातील एखादे मूल शरीराच्या अडचणीमुळे शाळेत जाऊ शकत नाही आणि फोनच्या साह्याने वर्गात बसू पाहते, तेव्हा आपणच विचारतो, ‘हे काय शिकणे झाले?’ वाचकहो, या प्रश्नाशी आमच्या घराची गेली काही वर्षे गाठ पडलेली आहे. त्या अनुभवातून जे समजले ते येथे मांडतो.

माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. या आजारात शरीराचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत जातात. सहाव्या वर्षी तो धावण्यात मागे पडू लागला. दहाव्या वर्षी जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागे. बारावे सरता सरता चाकाची खुर्ची आली. बुद्धी मात्र लखलखीत. बेरजा तोंडी, आणि रोजमेळात चूक राहिली तर मुनीमजींच्या आधी त्याला दिसते. त्याचे नाव येथे देत नाही. “काका, लेख माझ्या आजारावर लिहू नका, वर्गावर लिहा,” एवढी एकच अट त्याने मला घातली आहे आणि ती रास्त आहे.

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या. त्या जूनपासून त्याची सहावी फोनवर सुरू झाली. इतर मुलांना ते वर्ष कंटाळवाणे गेले. त्याला ते मोकळे गेले. त्या वर्षी कोणीच धावत नव्हते, कोणीच जिना चढत नव्हते. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन सारख्याच मापाचे होते. सरांनी प्रश्न विचारला की त्याचे उत्तर बहुधा आधी येई, कारण वर्गात पोहोचण्यातच त्याची जी शक्ती खर्ची पडत असे ती आता शिल्लक राहत होती. आमच्या घराने त्याला इतके बोलताना पूर्वी ऐकले नव्हते.

पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात राज्यातील शाळांचे वर्ग पुन्हा भरू लागले. सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. इमारतीला उतरंड नव्हती, मग वर नेणारी लिफ्ट तर दूरचीच गोष्ट. ज्या दिवशी बाकीची मुले दप्तर घेऊन निघाली, त्या दिवशी फोनवरची जोडणी बंद झाली. तो सकाळी वेळेवर फोन समोर ठेवून बसला होता. दहा-पंधरा मिनिटांनी त्याने विचारले, “काका, सगळ्यांची शाळा सुरू झाली म्हणजे माझी बंद झाली का?”

त्याचा हा प्रश्न केवळ आमच्या घरापुरता नव्हता. ज्या सोयीची सर्वांना दीड वर्षापुरती गरज होती, ती रातोरात उभी राहिली. आणि ज्यांना तिची गरज नेहमीचीच होती, त्यांच्यापुरतीही ती ठेवावी असे कोणाला सुचले नाही. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. सगळे आपापल्या घाईत होते, इतकेच.

घरात निरनिराळी मते निघाली. आजींचे म्हणणे, पोराला त्रास नको, शिकवणीला मास्तर घरी बोलवा. एका नातेवाइकांनी समजुतीच्या सुरात सांगितले, “दुकान आहे, गल्ल्यावर बसेल, शिकून त्याला कुठे नोकरी करायची आहे?” दुसऱ्यांनी आवाज खाली करून सुचविले की मुलाला फार पुढे आणू नका, घरात मुलगी आहे, उद्या तिच्या सोयरिकीच्या वेळी विचारणा होईल. हे शेवटचे वाक्य अप्रिय असले तरी येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ते आपल्या अनेक घरांत बोलले जाते. या एका धास्तीपायी किती मुले आतल्या खोलीत वाढली असतील याची नोंद कोणत्याही शिरगणतीत मिळणार नाही. काहींनी पूर्वकर्माचा दाखला दिला. कर्माचा विचार स्वतःच्या आत्मपरीक्षणासाठी सांगितलेला आहे. शेजारच्या बालकाच्या खुर्चीकडे पाहून निवाडा देण्यासाठी नव्हे, एवढे उत्तर वहिनींनी शांतपणे दिले आणि त्या दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांना भेटावयास गेल्या.

शिकवणीचे मास्तर ठेवणे आम्हांस परवडणारे होते, तरी तो मार्ग घेतला नाही. मास्तर विषय शिकवितात. वर्ग त्याहून पुष्कळ काही शिकवितो. दुसऱ्याने चुकीचे उत्तर दिल्यावर आपल्या मनातले उत्तर तपासणे, न समजलेले विचारण्याचे धाडस करणे, हसणे, रागावणे, वही उसनी देणे. हे एकट्या मुलाला एकट्या मास्तरांकडून मिळत नाही. त्याला धड्यापेक्षा वर्ग हवा होता.

मुख्याध्यापकांची अडचणही खरी होती. शाळेत मुलांना फोन आणण्यास मनाई होती. काही पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, वर्गात दिवसभर कॅमेरा सुरू राहणे पसंत नव्हते. एका शिक्षकांनी मनातली गोष्ट स्पष्ट सांगितली: फोनच्या पलीकडे घरातली मोठी माणसे बसून आमचे शिकविणे ऐकतील आणि बाजारात त्याची चर्चा होईल. पालक सभेत हे सारे मोकळेपणाने बोलले गेले आणि काही नियम ठरले. फोन शाळेच्या ताब्यात राहील. कॅमेऱ्याचे तोंड केवळ फळ्याकडे असेल. काहीही ध्वनिमुद्रित वा चित्रमुद्रित होणार नाही. आणि तास चालू असताना घरातले कोणीही मोठे माणूस त्या खोलीत बसणार नाही. हा शेवटचा नियम आम्ही आजपर्यंत काटेकोर पाळला आहे. ज्या घरांना असा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी यंत्र घेण्याआधी ही बोलणी करावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

यंत्रसामग्री फारशी लागली नाही. घरातला एक जुना फोन, तो उभा धरणारी तिकाटणी, एक छोटा ध्वनिक्षेपक, आणि वीज गेल्यास फोन चालू ठेवणारी पॉवर बँक. तरी पहिले आठ दिवस काहीच नीट जमेना. फळ्यावर उजेड चमके आणि अक्षरे दिसत नसत. पंख्याची घरघर सरांच्या आवाजाहून मोठी येई. सर फळ्याकडे वळून लिहू लागले की त्यांचा आवाज भिंतीत जिरून जाई. हळूहळू उपाय सापडले. तिकाटणी पहिल्या बाकावरून मधल्या वाटेत तिसऱ्या बाकाशी आली, चमक गेली. सरांच्या सदऱ्याला लावण्याचा लहानसा माइक काही शे रुपयांत मिळाला आणि निम्म्याहून अधिक अडचण दूर झाली. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, हे या खटपटीतून कळले. चित्र अडखळले तरी धडा पुढे जातो. आवाज तुटला की मूल वर्गाबाहेर फेकले जाते. नेटवर्क मंद असेल त्या दिवशी आम्ही चित्र बंद ठेवून फक्त आवाज चालू ठेवत असू आणि फळ्याचे छायाचित्र तास संपल्यावर येत असे.

सहा तास पडद्यापुढे बसणे त्याला झेपणारे नव्हते; मानेला आणि पाठीला कळ लागे. म्हणून गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे तीनच तास फोनवर, आणि बाकीच्या विषयांच्या वह्या संध्याकाळी, अशी वाटणी झाली. दुपारचा वेळ व्यायामोपचारासाठी मोकळा राहिला.

यंत्राहून मोठी मदत माणसाची झाली. त्याच्या शेजारी पूर्वी बसणारा मुलगा या कामी आपण होऊन पुढे आला. तो आमच्याच अडतीत माल आणणाऱ्या एका शेतकऱ्याचा मुलगा. तास सुरू होण्यापूर्वी तिकाटणी लावणे, जोडणी करणे, फळ्याचे छायाचित्र धाडणे ही कामे त्याने अंगावर घेतली. मधल्या सुट्टीत फोन परत कार्यालयात ठेवावा असे ठरले होते. पण काही दिवसांनी त्याने सरांकडून परवानगी मिळविली आणि फोन मुलांच्या घोळक्यात डब्यांजवळ बसू लागला. त्या वीस मिनिटांत काय बोलणे होई ते आम्हांला ठाऊक नाही, कारण नियमाप्रमाणे आम्ही खोलीबाहेर असू. दाराआडून हसणे मात्र ऐकू येई.

तरीही एक गोष्ट राहून गेली होती. सकाळी हजेरी घेतली जाई तेव्हा वर्गशिक्षक त्याचा क्रमांक सोडून पुढे जात. वर्गात शरीराने नसलेल्या मुलाला हजर कसे मांडावे, हा त्यांच्यापुढचा कागदी प्रश्न होता. तो रोज इकडून आपला क्रमांक येण्याची वाट पाही आणि पुढचा क्रमांक ऐकून गप्प बसे. आम्हांला त्याने हे कितीतरी दिवस सांगितले नाही. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक घरी भेटीस आले तेव्हा त्यांच्यापाशी तो बोलला. त्यांनी नियमाचा आधार शोधून दिला. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकास गृहाधारित शिक्षण निवडण्याचा अधिकार दिला आहे. असे बालक शाळेचेच विद्यार्थी असते. त्यानंतर शाळेने तशी नोंद घेतली. पुढल्या सोमवारी वर्गशिक्षकांनी त्याचा क्रमांक पुकारला आणि बाकावरच्या ध्वनिक्षेपकातून “हजर सर” असे उत्तर गेले. त्या दिवसापासून शिक्षक त्याला प्रश्नही विचारू लागले. तोवर तो ऐकत होता. आता तो वर्गात होता. माझ्या मते दूरस्थ शिक्षणाचे सारे मर्म या एका फरकात आहे. ज्या मुलाला कोणी नावाने हाक मारीत नाही, त्याच्यासाठी वर्गाचे थेट प्रक्षेपण आणि घरातला दूरदर्शन संच यांत काही भेद उरत नाही.

ही कल्पना नवीनही नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३९ च्या सुमारासच घरी खिळलेल्या मुलांना दूरध्वनीच्या तारेने वर्गाशी जोडण्याचा प्रयोग सुरू झाला होता. नॉर्वेतील ओस्लो शहरात २०१५ साली स्थापन झालेल्या ‘नो आयसोलेशन’ या कंपनीने दीर्घ आजारी मुलांसाठी एक छोटा पांढरा यंत्रमानव बनविला. तो वर्गात बाकावर बसतो. घरचे मूल आपल्या हातातील पाटीवरून त्याची मान वळविते, बोलते, आणि उत्तर देण्यासाठी हात वर करावयाचा असला की त्याच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. मुलाचा चेहरा वर्गाला दिसत नाही, कारण आजारी मुलाला आपण कसे दिसतो याची लाज वाटू नये, हा विचार त्यामागे आहे. जपानमध्ये केंतारो योशिफुजी यांनी याच धर्तीचा ‘ओरिहिमे’ नावाचा यंत्रमानव केला. ते स्वतः शालेय वयात आजारपणामुळे सुमारे साडेतीन वर्षे शाळेबाहेर राहिले होते. त्या एकटेपणातून हे काम उभे राहिले. टोकियोत आता एक उपाहारगृह आहे, तेथे अंथरुणाला खिळलेली माणसे घरून असे यंत्रमानव चालवून पाहुण्यांचे स्वागत करतात आणि त्याचे वेतन मिळवितात. चांदुरातल्या वर्गात तिकाटणीवर ठेवलेला जुना फोन हा या यंत्रांचा गरीब भाऊ खरा. पण गोत्र एकच.

अपंगत्व एकाच प्रकारचे नसते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. त्यांपैकी प्रत्येकाची गरज वेगळी. अंध विद्यार्थ्याला चित्र नको, शब्द हवा. आजच्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी ‘टॉकबॅक’ ही सोय असतेच. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ हे वाचक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि ते मराठीही वाचते. परंतु शिक्षक टिपणांचे छायाचित्र काढून पाठवितात तेव्हा साध्या वाचक-सुविधेला त्यातील अक्षर वाचता येत नाही. जुन्या टंकांत टाइप केलेल्या मराठी प्रश्नपत्रिका तर ती निरर्थक अक्षरांसारख्या उच्चारते. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की स्वच्छ वाचला जातो. ज्यांची मुद्रणालये वा टायपिंगची दुकाने आहेत त्यांनी एवढे केले तरी मोठे काम होईल. आणि शिक्षकांनी फळ्यावर बोट ठेवून ‘हे यातून वजा केले’ असे म्हणण्याऐवजी ‘सत्तावीसमधून नऊ वजा केले’ असे म्हणावे. याला यंत्रही लागत नाही, आणि त्याचा लाभ मागच्या बाकावरील सर्वांनाच होतो.

कर्णबधिर विद्यार्थ्याची गरज याच्या उलट. त्याला शिक्षकांचा चेहरा उजेडात आणि ओठ स्पष्ट दिसावे लागतात. अंधुक चित्र त्याच्या कामाचे नाही. बोललेले शब्द मराठीतही पडद्यावर उमटविणारी साधने आता फोनवर मिळतात. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश २०१८ पासून वाढत जाऊन १०,००० शब्दांपर्यंत पोहोचला आहे आणि या भाषेसाठी डिसेंबर २०२४ पासून केंद्र सरकारची स्वतंत्र शैक्षणिक दूरचित्रवाहिनीही सुरू झाली आहे.

पंडित सुखलालजी संघवी यांचे चरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. सौराष्ट्रातील व्यापारी घरातला हा मुलगा सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात दृष्टी गमावून बसला. दुकानाचा हिशेब त्याच्या हातून सुटला. पण इतरांच्या तोंडून ग्रंथ ऐकत ऐकत तो काशीत न्याय, व्याकरण व दर्शने शिकला, ‘सन्मतितर्क’ या दुर्घट ग्रंथाच्या संपादनात अग्रणी ठरला, बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९७४ मध्ये पद्मभूषण सन्मानास पात्र ठरला. त्यांचे तंत्रज्ञान म्हणजे वाचून दाखविणारा मनुष्याचा कंठ. त्यांना असे वाचक मिळाले, म्हणून समाजाला असा पंडित मिळाला. त्या काळी गावोगावच्या किती अंध मुलांना वाचून दाखविणारे कोणी मिळाले नसेल? आज तो कंठ प्रत्येक खिशात आहे. आता अडते ते मनाशी.

आमच्याच जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग बालकांना आपले आडनाव देऊन वाढविले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जळगावच्या रेल्वेस्थानकावर तान्हेपणी सापडलेली, दृष्टिहीन असलेली माला पापळकर ही त्यांची मानसकन्या. ब्रेलच्या व ऐकण्याच्या बळावर शिकून ती त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. जिच्यामागे कोणतेच घर नव्हते तिने हे साधले; मग भरल्या घरातील मुलांना आपण कोणत्या कारणाने मागे ठेवतो?

या साऱ्या विवेचनाला दुसरी बाजूही आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. फोन ही सोय आहे तशी ती सबबही होऊ शकते. ‘मूल घरून शिकते आहे, मग उतरंड कशाला, खालच्या मजल्यावर वर्ग कशाला?’ असे म्हणणे फार सोपे आहे. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वयोगटातील लक्षणीय अपंगत्व असलेल्या प्रत्येक बालकास जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा म्हणजे इमारत, अंगण, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि मित्र. पडद्याने यांची जागा घेऊ नये. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी व महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार ५ ते १९ वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश कोणत्याच शिक्षणसंस्थेत जात नाहीत. या सर्वांना फोन देऊन घरी बसविले तर आकडे सुधारतील. मुले मात्र आतल्या खोलीतच राहतील.

आमच्या अनुभवात फोनने याच्या उलट काम केले. दोन वर्षे तो फोन रोज जिना चढून वर जात होता आणि त्याबरोबर त्या मुलाची आठवणही रोज वर जात होती. तो सर्वस्वी घरी बसला असता तर शाळा त्याला विसरली असती, आणि त्यात कोणाचा दोषही काढता आला नसता. आठवीच्या अखेरीस एके दिवशी शाळेचे शिपाईमामा तिकाटणी वर नेता नेता थांबले आणि सरांना म्हणाले, “सर, पोट्ट्याले वर नेता येत नाही, त वर्गच खाली आना ना! बाकंच त उचलाचे हायेत.” बोलणे सरळ होते. जूनमध्ये नववीचा वर्ग तळमजल्यावर आला. दाराशी दोन पायऱ्या होत्या, त्यांवर सिमेंटची उतरंड झाली. तिचा खर्च पालकांनी वाटून घेतला. तेव्हापासून प्रकृती ठीक असेल त्या दिवशी तो खुर्चीतून शाळेत जाई आणि पावसाळ्यात वा छातीचा त्रास होई तेव्हा फोनवरून बसे. दोन्ही दिवशी हजेरीपटावर तो हजरच असे. मार्च २०२५ मध्ये लेखनिकाच्या साह्याने व मिळालेल्या वाढीव वेळेत त्याने दहावीची परीक्षा दिली. आता तो वाणिज्य शाखेत अकरावीला आहे. आजार आपल्या गतीने पुढे जातो आहे. त्यावर कोणतेही यंत्र उतारा नाही आणि तसा दावा मी करणार नाही. पण त्याच्या वाट्याची वर्षे वर्गात जात आहेत, भिंतीकडे पाहण्यात नव्हे.

आपला समाज दानशूर म्हणून ओळखला जातो. शाळांच्या पंख्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर, व्यासपीठांच्या भिंतींवर आपल्या वडीलधाऱ्यांची नावे लिहिलेली दिसतात. आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान यांची शिकवण लहानपणापासून आपल्या कानांवर आहे. माझी विनंती अगदी लहान आहे. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे: नाव दाखल आहे पण येत नाही, असे एखादे मूल आहे काय? असल्यास त्याच्या घरी जावे. दुकानात फोन बदलतो तेव्हा जुना फोन कपाटात पडून राहतो, तो द्यावा. तिकाटणी, माइक आणि वर्षभराचे रिचार्ज यांचा भार उचलावा. ज्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आपण आहोत, तेथे असे मूल असलेला वर्ग तळमजल्यावर आणण्याचा ठराव मांडावा. त्याला पैसाही लागत नाही. आणि असे मूल आपल्याच घरात असेल, तर पाहुणे आल्यावर त्याला आतल्या खोलीत नेऊ नये.

शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. हजेरीपट त्याआधी तयार होतात. विचारण्याची वेळ तीच.